बार्ज पसंत पडेना

नवव्या खेपेलाही साईनाथ बार्जखाली पालथा पडून होता आणि मंगल काठावरच्या दगडावर मांडीवर डबा घेऊन बसली होती. डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी होती, आणि दोन्ही केव्हाच गार झाली होती. तिनं दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा बार्जखालून नुसतं "हां" आलं. हे "हां" ती एकतीस वर्षं ऐकत आली होती. त्याचा अर्थ एवढाच की ऐकू आलंय, पण उठणार नाही.

बार्ज म्हणजे काही मोठं जहाज नव्हे. चाळीस फूट लांब, चौदा फूट रुंद, चपट्या बुडाची पोकळ लोखंडी नाव. वर सपाट, कडेनं कठडे, आणि एका टोकाला इंजिनवाल्यासाठी पत्र्याची खोली. धरणाच्या फुगवट्यावर पूल नव्हता तोवर बार्जचा मालक भावकू हिच्यावरून अलीकडचं सगळं पलीकडं न्यायचा. माणसं, मोटरसायकली, दुधाचे कॅन, म्हशी. एकदा तर बँडासकट अख्खं वऱ्हाड नेलं होतं. पूल झाला आणि बार्ज काठाला लागली ती लागलीच. आता मे महिना होता, पाणी लांबवर उतरलं होतं, आणि बार्ज कोरड्या मातीवर लाकडी ठोकळ्यांवर बसवलेली होती, साईनाथला खालून बघता यावं म्हणून.

ह्या बार्जवर मंगलला घर करायचं होतं. तेवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी नवऱ्यानं एकदा "बरी आहे" म्हणायची गरज होती. ते दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघत नव्हते.

वडगावातलं घर वाटणीत पुतण्याला, स्वरूपला गेलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, ह्यांच्या वाट्याचे पैसे बँकेत पडलेले. स्वरूप खाली नवे माग टाकणार होता आणि सुताची पोती ठेवायला त्याला वरची खोली हवी होती. त्याच खोलीत मंगल आणि साईनाथ राहत होते. "नागपंचमीपर्यंत थांबतो, काकू," असं तो गेल्या दिवाळीत म्हणाला होता. गेल्या दिवाळीला नागपंचमी लांब वाटली होती.

आता साईनाथचंही सांगायला हवं. त्याचा धंदाच तपासायचा. विणकरांच्या सोसायटीत चौतीस वर्षं तो माल तपासायला होता. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि काचेवरून सरकत जाणारी साडी. आधी तळहात फिरवायचा, मग डोळे. कुठं गाठ लागली की चिमट्यानं अलगद वर उचलायची, कात्रीनं उडवायची, धागा तुटला असेल तिथं खडूनं खूण करायची. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पदरापासून शेवटापर्यंत. वडगावात त्याला तोंडावर अण्णा आणि पाठीमागं भिंग म्हणत. मंगल लग्नानंतर सासूकडून माग शिकली, आणि तिच्या साड्याही त्याच टेबलावरून जायच्या आणि खडूच्या खुणा घेऊन परत यायच्या. बायकोची म्हणून त्यानं कधी एक गाठ सोडली नाही. लोक त्याचं मोठं कौतुक करायचे. लोकांना काय, त्यांना त्याच्याबरोबर संसार करायचा नव्हता.

निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या सहलीतून तो केरळला गेला, एक दिवस एक रात्र पाण्यावरच्या घरात राहिला, आणि परत आला तो वेगळाच होऊन. "मंगल, आपन पान्यावर ऱ्हायाचं," म्हणाला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्याआधी दोघांनी अनगोळात चार फ्लॅट बघितले होते आणि चारही त्यानं नापास केले होते. एकाच्या भिंतीला ओल, दुसऱ्याच्या फरशीत उतार, तिसऱ्याचं काय ते तिला आता आठवतही नव्हतं. त्यामुळं हे पाण्यावरचं खूळ म्हणजे फ्लॅट टाळायची नवी युक्ती असणार अशी तिची खात्री होती. तरी ती गेली. पहिली बार्ज बघायला, कृष्णेकाठी, वाळू वाहणारी, तोंड वाकडं करूनच गेली.

नदीच्या मधोमध मालकानं इंजिन बंद केलं. मंगल पदर सावरायला गेली आणि तिला स्वतःच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं.

वडगावातल्या खोलीत ती मागांच्या डोक्यावर राहत होती. सकाळी सात ते रात्री नऊ जमीन हलायची. फळीवरची ताटं दिवसभर हळूहळू कडेला सरकायची आणि संध्याकाळी ती परत भिंतीला ढकलायची. डावा कान अर्धा गेला होता. फोनवर मुलगी बोलायची आणि ही नुसती "व्हय, व्हय" करायची. एवढ्या वर्षांत तिला हे सगळं नको आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं आणि तिला स्वतःलाही ते सुचलं नव्हतं. त्या दिवशी नदीवर ते सुचलं, आणि तेव्हापासून बार्जचं वेड साईनाथचं राहिलं नाही, तिचं झालं.

कृष्णेवरची ती बार्ज त्यानं अर्थातच नापास केली. दुसरी बघायला चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले. तिचं छप्पर ठेंगणं निघालं. तिसरी कारवारकडची, नवीकोरी, फायबरची. तिला साईनाथनं टिचकी मारली आणि म्हणाला, "हे लोखंड न्हाय. ह्याचा दोष दिसायचा न्हाय." दोष दिसत नाही हाच तिचा दोष. मंगलला त्या दिवशी घाट चढताना रडू आलं होतं. खिडकीकडं तोंड करून तिनं ते आवरलं.

भावकूची ही चौथी. साईनाथच्या शाळेतल्या दोस्तानं, हिंडलग्याच्या मष्णूनं शोधून दिली. भावकूची काठाला स्वतःची जमीन होती, बार्ज तिथंच बांधून ठेवायची, संडासाची टाकी जमिनीवर खणायची, वीज त्याच्या मोटरीच्या खांबावरून. घोडं कागदपत्रांवर पेंड खाणार असं सगळ्यांना वाटलं होतं. मष्णूनं तर वर्षभराची तयारी ठेवली होती. पण परवानगीचे कागद दोन महिन्यांत झाले, सही-शिक्क्यासकट. घोडं अडलं ते साईनाथवर.

फेब्रुवारीत बार्ज अजून पाण्यात होती तेव्हा मंगलनं रांगोळी नेऊन वरच्या सपाट पत्र्यावर खोल्या आखल्या होत्या. हे स्वयंपाकघर, ओटा उगवतीकडं. ही झोपायची खोली. इथं मुलगी आली की तिचं अंथरूण. भावकू बघत होता. "आक्का, ह्या कोपऱ्यात ऊन लई येतंय. पापड घाला इतं," म्हणाला. माणूस तिला तिथंच आवडला.

साईनाथ मात्र कठड्यावरून वाकून पाण्यात बघत होता.

"खालची बाजू दिसंना," तो म्हणाला.

"अण्णा, खालची बाजू पान्यात असतीया," भावकू म्हणाला. "ती दिसाया लागली तर समजायचं बार्ज उलटली."

"कापड आमी एका अंगानं बघून पास करत न्हाय."

भावकूनं मंगलकडं बघितलं.  उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की भावकू दर चार दिवसांनी बार्ज ढकलत पाण्याबरोबर आत न्यायचा, बावीस वर्षं नेत आला होता. ह्या वर्षी साईनाथच्या हट्टापायी त्यानं ती जागेवरच बसू दिली. पाणी निघून गेलं. मग ट्रॅक्टरचे जॅक लावून ठोकळ्यांवर चढवली, आणि साईनाथ वहीपेन घेऊन तिच्याखाली शिरला.

आता तिथंच होता. वहीत एकशे बारा दोष झाले होते, प्रत्येकाला आकडा, आणि बार्जच्या बुडावर त्या त्या आकड्याची खडूची खूण.

शेवटी तो बाहेर आला. केसांत माती, कोपरांना माती, चेहऱ्यावर समाधान.

"झालं?" मंगलनं विचारलं.

"मागची अर्धी झाली."

"आनि कशी हाय?"

"अर्धी बघून कसं सांगू?" त्यानं भाकरी मोडली. "भाजी गार झाली की गं."

मंगलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि जाऊन मष्णूच्या गाडीत बसली.

घरी आली तर जिन्यात सुताची पोती. अजून मुदत संपली नव्हती, पण पोती आली होती. स्वरूपनं ती एकावर एक रचून कडेनं एक माणूस चढेल एवढी वाट ठेवली होती. वर खोलीत तो टेप घेऊन भिंत मोजत होता.

"काकू, तुमी बसा की. मी नुस्तं बघालोय," तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता तरी आले असते.

"बघ बाबा," मंगल म्हणाली.

"काकांचं झालं काय पसंत?"

"बघायलेत."

"अजून?" त्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं टेप गुंडाळला, तिच्या कपाटाला हात लावून ते किती खोल आहे ते नजरेनंच मोजलं, आणि खाली गेला. मंगल पलंगावर बसली. खालून माग सुरू होते, पलंग हलत होता, फळीवरचं एक ताट अगदी कडेला आलं होतं. रोजच्यासारखी ती उठली नाही. पडू दे म्हणाली. ताट पडलं, आणि त्याचाही आवाज मागांच्या आवाजात बुडून गेला.

त्या दिवशी तिनं मनाशी एक ठरवलं. माणूस बदलत नाही. मग त्याचं काम तरी लवकर संपवायचं. त्याला गाठी वेचायच्या आहेत ना, मग आपणही बसू वेचायला. दोन माणसांचे चार हात होतील, वही भरेल, आणि वही भरली की त्याला पास केल्यावाचून गत्यंतर उरणार नाही. सोसायटीत असंच असायचं. गाठी निघाल्या की साडी पास. बिचारीनं विचार केला तो साडी विणणारीचा केला, आणि तिथंच सगळं चुकलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं भावकूकडं मुक्कामाला गेले. भावकू नेमका लेकीच्या घरी बारशाला गेला होता. घराची किल्ली ठेवून गेला होता. साईनाथनं बुडाचा पुढचा भाग बघायला घेतला. पत्र्यावर जागोजाग गंजाच्या खपल्या होत्या, कुठं करंगळीएवढ्या, कुठं तळहाताएवढ्या. मधे मधे डांबराचे काळे गोळे बसलेले होते, ओबडधोबड, कुणी घाईनं थापल्यासारखे. साईनाथनं एका गोळ्यावरून तळहात फिरवला आणि त्याचा चेहरा आक्रसला.

"गाठ," तो म्हणाला.

"काढूया की," मंगल म्हणाली.

त्यानं तिच्याकडं असं बघितलं की तिला एकदम तीस वर्षांपूर्वीचा साईनाथ दिसला. "तू काढतीस?"

"मला येत न्हाय व्हय? साडीच्या गाठी कोन काढत हुतं?"

मग चार दिवस दोघं बार्जखाली होते. त्यानं आपला चिमटा आणला होताच, तिला एक पटाशी दिली. एकेक खपली हलक्या हातानं सैल करायची, चिमट्यात धरायची आणि ओढायची. डांबराचे गोळे तापल्या दुपारी मऊ व्हायचे आणि सालीसारखे निघून यायचे. खाली पत्रा स्वच्छ, हाताला गुळगुळीत. साईनाथ दोष खोडत चालला. मंगलचे गुडघे दुखले, डोळ्यांत गंज गेला, पण कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी साईनाथ म्हणाला, "आता हात लावून बघ. रेशीम हाय." त्याच्या तोंडून असं वाक्य तिनं कुठल्याही साडीबद्दल ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, आलं. आता तो म्हणणार.

तेवढ्यात भावकू आला. बारशाचे पेढे घेऊन आला होता. वाकून बार्जखाली बघितलं, आणि पेढ्याचा पुडा तसाच हातात धरून जमिनीवर बसला.

"डांबर कुटं गेलं?" त्यानं विचारलं.

"काढलं," मंगल म्हणाली. तिच्या आवाजात अजून आनंद होता. "सगळं काढलं. खपल्याबी काढल्या."

"आक्का," भावकू म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आक्का, बावीस वर्सं दर उन्हाळ्यात एकेक कड काठावर वडून, एकेक भोक बघून मी डांबर भरलंय. खपल्या हुत्या म्हनून पानी आत येत नव्हतं. त्येच्यावरच ती तरंगत हुती की."

 मंगलनं हातातल्या पटाशीकडं बघितलं.

साईनाथ मात्र बार्जवर चढला होता. वरचं झाकण उघडून तो पोकळ पोटात उतरला आणि आतून झाकण लावून घेतलं. काचेच्या टेबलाची सवय. आपण अंधारात राहायचं आणि उजेड पलीकडून येऊ द्यायचा.  मग झाकण उघडलं आणि त्याचं डोकं वर आलं.

"तेवीस!" तो ओरडला. "मंगल, तेवीस भोकं! लख्ख दिसत्यात! मी म्हनत नव्हतो व्हय, ह्या मालात दोष हाय म्हनून?"

त्याला खरोखर आनंद झाला होता. तीच तर गोष्ट होती. भोकं आपण पाडली, निदान उघडी केली, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. दोष होता, आणि तो सापडला. त्याचं काम फत्ते झालं. मंगलला वाटलं की वर चढावं, ते झाकण लावावं आणि त्याच्यावर बसून राहावं.

"तुमी खाली या," ती म्हणाली.

"थांब, खुना करतो."

"खाली या म्हनते न्हवं!"

तो आला. भावकू उठून पाणी प्यायला गेला, नवरा-बायकोच्या मधे कोण थांबणार. पण मंगल काही बोललीच नाही. बोलायला लागली असती तर एकतीस वर्षांचं सगळं निघालं असतं, आणि तिला ते निस्तरायची ताकद नव्हती. परतीच्या वाटेवर मष्णूनं तीनदा विचारलं, काय झालं, काय झालं. 

पुढचे चार आठवडे ती वडगावातच होती. घाटावर पाऊस जोरात होता, धरण भरत चालल्याचं रोज पेपरात येत होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भावकूचा फोन आला. तिनं खाली रस्त्यावर जाऊन तो घेतला, कारण वर मागांमुळं काही ऐकू आलं नसतं.

"आक्का, पानी बांधाला लागलंय. आठ दिवसांत बार्जपाशी येतंय. मी वेल्डरला इचारलं, चार दिवसांचं काम हाय, पत्रे मारतो म्हनतोय. पन कुनासाठी मारू? तुमी घेनार असला तर मारतो. न्हायतर भंगारवाला गुरुवारी गाडी घेऊन याला तयार हाय, त्यो कापून न्हेतोय. मला पन आता काय ते सांगा. पान्यात बुडल्यावर भंगारवालाबी यायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. पाणी खरंच आलं होतं. जिथं मे महिन्यात ती दगडावर बसली होती तो दगड गेला होता. बार्ज ठोकळ्यांवर, खडूच्या आकड्यांनी भरलेली. साईनाथ गाडीतून उतरला तो सरळ तिच्याकडं गेला आणि वाकला. खिशातून वही काढली.

"काय करताय?" मंगल म्हणाली.

"पुढच्या कोपऱ्याचं तेवडं ऱ्हायलंय. सांधा बघायचाय."

"आज सांगायचंय त्यास्नी."

"सांगू की. बघून सांगू."

"अहो!" ती ओरडली. भावकू घराच्या दारात उभा होता, त्यालाही ऐकू गेलं, पण तिला आता त्याचं काही वाटत नव्हतं. "दीड वर्स झालं. चार फ्लॅट झाले, चार बार्जा झाल्या. मला एक सांगा. आजवर तुमी कायतरी पसंत केलंय? एक तरी वस्तू? तुमी स्वतः बघून, व्हय, हे मला पायजे, असं म्हटलंय कदी?"

साईनाथ उभा राहिला. त्यानं प्रश्न मनावर घेतला. प्रश्न विचारला की त्याचं उत्तर शोधायचं, असा तो माणूस होता. हातातल्या घड्याळाकडं बघितलं. "हे सोसायटीनं दिलं," म्हणाला. "सायकल आप्पांची हुती. नोकरी मामानं लावली." बोटांवर आणखी काही मोजून बघितलं. "न्हाय," तो म्हणाला. "आठवत न्हाय."

"आनि मी?"

"तुला कुटं बघितलं हुतं? आप्पा नंदगडला गेले, ठरवून आले. मला त्या दिवशी रजा मिळाली न्हाय. अक्षता पडल्यावर तोंड बघितलं तुजं."

"आनि बघायला आला असता तर?"

हा प्रश्न विचारायचा नव्हता, हे तिला तोंडातून गेल्यावर कळलं. साईनाथ खोटं बोलत नसे. ह्या एका गुणापायी तिनं त्याचं बाकीचं सगळं चालवून घेतलं होतं, आणि आता तोच गुण पुढं उभा होता. तो वही हातात घेऊन तिच्याकडं बघत होता. केस पांढरे झाले होते, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधला होता. तिला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस घाबरलेला आहे. आजचा नव्हे, कायमचाच.

"आलो असतो तर न्हाय म्हटलं असतं," साईनाथ म्हणाला.

मंगल दोन पावलं मागं सरकली.

"तुलाच असं न्हाय गं," तो घाईनं म्हणाला. "कुनालाबी. एकीचं नाक, एकीचं काय. न्हाय न्हाय म्हनत जन्म गेला असता माजा. आप्पांनी मला इचारलं न्हाय म्हनून..." तो थांबला. पुढचं बोलायची त्याला सवय नव्हती. "एकतीस वर्सं लई चांगली गेली, मंगल."

पाण्याचा काठाला लागून आवाज होत होता.  मंगलला दुखलं होतं, आणि ते लगेच जाणार नव्हतं. पण एवढं तिला कळलं की आयुष्यात ह्याला जे काही चांगलं मिळालं ते ह्याच्या नजरेसमोरून न जाता मिळालं होतं. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातली वही काढून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. त्यानं वहीसाठी हात पुढं केला नाही.

"पाठ करून बसा तिकडं," ती म्हणाली. "पान्याकडं तोंड करून."

तो बसला.

मंगल भावकूच्या दारात गेली. "दादा, वेल्डरला आजच बोलवा. भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हनावं. विसाराचे पैसे मी घेऊन आलेय. खरेदीच्या कागदावर नाव माजं घाला."

भावकूनं तिच्या खांद्यावरून काठाकडं बघितलं. साईनाथ बार्जकडं पाठ करून मांडी घालून बसला होता.

"अण्णास्नी पसंत हाय न्हवं, आक्का?" त्यानं हळूच विचारलं.

"त्येंनी बघितलीच न्हाय," मंगल म्हणाली.